आंधळे कोण आणि कुत्रे कोण? पैशाच्या म्हणी वाचण्याविषयी

यवतमाळ जिल्ह्यात मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले आहेत. तिने आपल्या आजीकडून आणि शेजारपाजारच्या बायांकडून पैसा, मानपान आणि माणसाचा स्वभाव या विषयांवरच्या साठेक म्हणी जमवल्या. मार्गदर्शकांनी त्या वाचून प्रकरणाला 'ग्रामीण माणसाची नकारात्मक जीवनदृष्टी' असे शीर्षक सुचवले. ते तिला पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. तेव्हा आपली माणसे खरोखरच इतकी कडू आहेत का, हा तिचा पहिला प्रश्न आहे. आणि जमवलेल्यांपैकी ज्या म्हणी एखाद्या जातीला किंवा बायकांना लागतात त्यांचे काय करायचे, हा दुसरा.

ताई, मी भाषेचा प्राध्यापक नाही. पस्तीस वर्षे मी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो. पीककर्जाचे अर्ज भरणे, जामीनदाराच्या सह्या घेणे, वसुलीला हिंडणे आणि थकबाकीदाराला सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुलीची नोटीस नेऊन देणे, हे माझे काम होते. पैशाविषयी माणूस सर्वांत जास्त बोलतो ते पैसे मागताना आणि पैसे न देताना, आणि या दोन्ही वेळांना मी समोर बसलेलो असे. कीर्दीच्या वहीची मागची पाने कोरी राहत, त्यांवर मी ऐकलेली म्हण टिपून ठेवायचो. तारीख, कोण बोलले, कोणाला बोलले आणि कशावरून बोलले, असे चार रकाने मी पाडले होते. नावे कधीच लिहिली नाहीत. 'नियमित', 'थकीत', 'जामीनदार', 'अडत्याचा दिवाणजी', 'संचालकाची आई' एवढेच लिहायचो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर त्या चार रकान्यांतून आलेले आहे.

तुमच्या वहीत, तुम्ही पाठवलेल्या नमुन्यावरून दिसते, फक्त म्हण आणि तिच्यापुढे अर्थ आहे. ही पद्धत तुमची एकटीची नव्हे. १८९९ साली ऑक्सफर्डहून छापलेल्या मॅनवेअरिंग यांच्या मराठी म्हणींच्या इंग्रजी संग्रहातही शेती, जनावरे, पैसा, नातीगोती अशा विषयवार पेट्या केलेल्या आहेत, आणि दाते-कर्वे यांच्या वाक्संप्रदाय कोशासारख्या मोठ्या कामाचा हेतूही अर्थ नोंदवणे हाच होता. कोशाला ते शोभते. पण पैसा हा शब्द असलेल्या साठ म्हणी एका पेटीत घातल्या की त्या एकाच माणसाने एकाच संध्याकाळी वैतागून उच्चारल्या आहेत असे वाटू लागते, आणि मग मार्गदर्शकांना 'नकारात्मक जीवनदृष्टी' दिसते. म्हण हे बोलणाऱ्याचे जगाविषयीचे मत असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती व्यवहारातली एक खेळी असते, आणि कोणाची खेळी हे कळल्याशिवाय तिचा अर्थ अर्धाच कळतो.

एक दुपार सांगतो. २००८ साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे ढोबळ मानाने पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्याचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्याने पंचाहत्तर टक्के भरले तर उरलेल्या पंचवीस टक्क्यांची सूट, असा तो मुख्य नियम होता. आमच्या कोरडवाहू भागात आठ एकरांचा धनी असलेला माणूसही पोटापुरतेच पिकवतो हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. सोसायटीच्या भिंतीवर मी याद्या डकवल्या आणि खिडकीतून ऐकत बसलो. पहिला माणूस नियमित फेडणारा होता. पोळ्यानंतर बैल विकून त्याने आदल्या वर्षीचा हप्ता भरला होता, त्यामुळे यादीत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, "म्या भरलं तं म्या येडा. आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते." आमच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून आंधळ्याचे 'आंधयं' आणि दळण्याचे 'दयणं'. त्याच्या शेजारी आठ एकरांचा थकबाकीदार उभा होता. तो म्हणाला की, पाण्याखालचे चार एकर असलेला तिकडे सुटला आणि आठ एकर बरड असलेला मी इकडे अडकलो, आणि लगेच तीच म्हण त्याने जशीच्या तशी उच्चारली. पहिल्याच्या म्हणीत हा दुसरा कुत्र्याच्या जागी होता. दुसऱ्याच्या म्हणीत तो स्वतःच आंधळा झाला आणि कुत्र्याची जागा तिकडच्या बागायतदाराला मिळाली. तिसरा चार एकरांचा होता आणि त्याचे सगळे कर्ज माफ झाले होते. दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिले तेव्हा तो जराही न गडबडता म्हणाला, "मी तं जातं आहो भाऊ. दयणारा बी मलेच फिरवते अन् चाटणारा बी मलेच चाटते."

ही म्हण माझ्या वहीत तीसेक वेळा तरी आली आहे. बोलणारे कधी नियमित होते, कधी थकीत, कधी सरकी विकणारे, कधी जिनिंगवर कापूस उतरवणारे हमाल. एकदा तर एका अडत्यानेच ती बाजार समितीच्या बाबतीत वापरली. या सगळ्यांपैकी एकानेही स्वतःला कुत्र्याच्या जागी ठेवलेले नाही. सगळे आंधळेच होते, आणि दळत होते. अर्थाच्या रकान्यात तुम्ही 'एकाने कष्ट करावे आणि दुसऱ्याने फायदा घ्यावा' असे लिहिले आहे ते बरोबर आहे, पण ती म्हण काय काम करते ते त्यात येत नाही. ज्याला पैसा मिळाला नाही त्याला निदान जागा निवडता येते, आणि तो सोसणाऱ्याची जागा निवडतो. अशा बोलण्याला कडवटपणा म्हणावे की तोंडी अर्ज म्हणावे, ते तुम्ही ठरवा. मी आयुष्यभर अर्जच वाचत आल्यामुळे मला तो अर्ज वाटतो.

त्या जात्यावाल्याचे उत्तर मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याने म्हणीत नसलेली जागा काढली आणि तिथे स्वतः जाऊन बसला. तुमच्या साठ म्हणींमध्ये मी विषयवार पेट्या न करता एवढेच पाहीन की बोलणारा म्हणीच्या आत आहे की बाहेर. बाहेर उभे राहून बोललेली म्हण टोमणा असते. आत शिरून बोललेल्या म्हणीला आपण विनोद म्हणतो, आणि कडवट म्हणी चविष्ट लागतात त्या याच दुसऱ्या प्रकारात. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' घ्या. सोसायटीच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलच्या जेवणावळी एकाच आठवड्यात झाल्या होत्या. दोन्हीकडे पंगतीला बसलेल्या एका सभासदाला मी ही म्हण ऐकवली, ती अर्थातच बाहेरून. त्याने दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "सायेब, दोघायची खाल्ली. दोन हात लागतेत, तवाच तं टाळी वाजते." मी टोमणा मारायला गेलो होतो आणि त्याने तो घालून घेऊन मिरवला. मतदान त्याने कोणाला केले हे अर्थातच आजवर कोणाला कळलेले नाही.

'ग्रामीण माणसाची जीवनदृष्टी' असे एकवचन वापरायला माझी आणखी एक हरकत आहे. म्हणी जोडीने राहतात आणि एकमेकींना कापतात. महिला बचत गटाच्या एका बैठकीत दरमहा शंभर रुपये टाकण्याचा विषय होता. समजावून सांगणाऱ्या बाईंनी 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हटले, तेव्हा मागे बसलेल्या एका मजूर बाईने मान वर न करता 'दात कोरून पोट भरत नाही' असे उत्तर दिले. त्या बाईची जीवनदृष्टी नकारात्मक होती असे म्हणाल तर पुढचे ऐका: गटात पहिला भरणा तिचाच झाला. तिला शंभर रुपये द्यायचे होतेच, फक्त तळ्याच्या गोष्टीला भुलून आपण देत नाही हे तिला नोंदवायचे होते.

म्हणींतल्या नाण्यांविषयी थोडे लिहितो, कारण तुमच्या प्रकरणात ते कुठेच दिसले नाही आणि तिथे हसण्याची जागा दडलेली असते. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण आजची मुले 'थोड्याशासाठी जास्त खर्च' एवढ्यावर सोडून देतात. पण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे चौसष्ट पैसे, म्हणजे एकशे ब्याण्णव पै. चार आणि बारा मिळून बरोबर सोळा होतात. त्या गृहस्थाने अख्खा रुपया मोडला आणि त्यातला पाऊणा मसाल्यावर उडवला, हा हिशेब जुन्या माणसाला ऐकताक्षणी कळत असे, आणि हसू हिशेब जुळल्याचे येत असे. 'दाम करी काम' मधला दाम हेही खरे नाणे होते. अकबराच्या काळात चाळीस दामांचा रुपया होई, आणि त्याच्याही मागे संस्कृतातला द्रम्म व ग्रीकांचा द्राख्मा उभा आहे. चमडी गेली तरी न जाणारी दमडी त्याच घरातली. आणि कवडी हे तर समुद्रातल्या गोगलगाईचे कवच, मालदीवकडून येणारे. समुद्रापासून इतक्या लांब राहणारा आमचा कापूसवाला दर हंगामात 'कवडीमोल भाव' म्हणतो, आणि त्याने कवडी पाहिली असेल तर ती पोतराजाच्या किंवा देवीच्या भक्ताच्या गळ्यातच.

नाणी मेली तरी मापे जिवंत राहतात, याचे उदाहरण म्हणजे 'उधारीचे पोते सव्वा हात रिते'. ही म्हण तुमच्या वहीत आहे, पण 'उधारी वाईट' एवढाच अर्थ तिच्यापुढे दिला आहे. उधारीत माल कमी कसा पडतो ते पाहायला हवे, कारण म्हण 'कर्ज घेऊ नका' असे कुठेच सांगत नाही. ती फक्त पोते मोजते. जूनमध्ये पेरणी तोंडावर येते, पीककर्ज अजून मंजूर झालेले नसते, आणि शेतकरी बियाणे-खत उधार उचलतो. रोखीने घेणाऱ्याला पोत्यामागे दहा-वीस रुपये सुटतात, उधारवाल्याला छापील किमतीत घ्यावे लागते. वर एखादी नको असलेली बाटली गळ्यात पडते, जिला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात. आणि कापूस निघाला की तो त्याच दुकानदाराच्या ओळखीच्या काट्यावर न्यावा लागतो. धान्याच्या उधारीत तर सवाई आणि दिढी हे दर उघडच होते, एक पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. तेव्हा सव्वा हात हा नुसता अलंकार नाही. २०१८ मध्ये युरियाची गोणी पन्नास किलोंवरून पंचेचाळीस किलोंची झाली. खताचा वापर कमी व्हावा हा सरकारचा हेतू होता. त्या वर्षी आमच्या एका सभासदाने नवी गोणी खांद्यावर तोलली, खाली ठेवली आणि म्हणाला, "पह्यले उधारीचं पोतं रितं राहे. आता तं नगदीचं बी रितं." मी ते त्याच पानावर, जुन्या म्हणीच्या खाली लिहिले.

कर्जाविषयीच्या म्हणी आमच्याकडे एवढ्या का, याचे उत्तर स्वभावात शोधण्यापेक्षा पिकात शोधावे असे मला वाटते. ज्वारी पेरणारा माणूस कणगीत डोकावून पाहतो. कापूस पेरणाऱ्याला भावाकडे पाहावे लागते, कारण कापूस खाता येत नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे आला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक मागणी आली आणि युद्ध संपताच ती उतरली. नगदी पीक, लांबचा भाव आणि जवळचा सावकार ही तिकडी तेव्हापासून घट्ट आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिली वेचणी होते तेव्हा घरात आनंद असतो, पण चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचा पैसा, हाती येईपर्यंत त्या आनंदावर बाहेरच्या चार जणांची नावे चढलेली असतात. याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, आणि कर्ज काढून सण-समारंभ करू नका हे त्यांनी श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. 'ऋण काढून सण' हे शब्द कीर्तनात उपदेश होतात. लग्नाच्या मांडवात नवरीचा बाप तेच शब्द हसत हसत पाहुण्यांना म्हणतो तेव्हा तो कबुलीजबाब असतो. वहीत मात्र दोन्ही एकसारखेच दिसतील.

मानपानाच्या म्हणींकडे वळतो. इथे पैशापेक्षा मजा जास्त आहे, कारण पैसा निदान मोजता येतो. २०१७ पासून, मधली दोनेक वर्षे सोडली तर, सरपंच थेट गावातून निवडला जाऊ लागला आणि तेव्हापासून लोकप्रियतेचा बाजार फ्लेक्सवर भरतो. आमच्या गटातल्या एका गावी एका सरपंचाच्या वाढदिवसाला पंधरा फुटी फ्लेक्स लागला होता, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे. पुढच्या निवडणुकीत तो पडला. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण त्याच्याविषयी मी त्या आठवड्यात चार जणांकडून ऐकली, आणि त्या चारांपैकी तिघे त्या फ्लेक्सवर होते. पावसाळ्यात वसुलीसाठी मी त्या गावी गेलो तेव्हा तोच फ्लेक्स एका म्हातारीच्या बकऱ्यांच्या कोठ्यावर उलटा टाकलेला होता. वारा आला की कडेने सरपंचाचे अर्धे हसू वर येई आणि पुन्हा दगडाखाली जाई. म्हातारीला मी विचारले, हे कुठून आणले. ती म्हणाली, "खुर्चीवर होता तवा एक थेंब नाई अडवला त्यानं. आता पाह्य, अख्खा पावसाळा अडवून रायला." तिच्याकडे घर नव्हते, वासे नव्हते, म्हणून कदाचित तिला ती म्हण वापरावीशी वाटली नसेल. मला मात्र तिचे वाक्य त्या म्हणीपेक्षा मोठे वाटते, कारण वासे फिरण्यात नुसती निंदा आहे आणि तिच्या बोलण्यात माणसाचा थोडा उपयोगही आहे.

'असतील शिते तर जमतील भुते' आणि 'गरज सरो वैद्य मरो' या म्हणींवर वेळ घालवू नका. त्या इतक्या वापरल्या गेल्या आहेत की बोलणाऱ्याला आपण काही बोललो असेही वाटत नाही. उलट 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ही म्हण मी जपून ठेवली आहे, कारण दुसऱ्याच्या पैशाने उदार होण्याची कला आमच्याकडे गावच्या जत्रेपासून कर्जमाफीच्या घोषणेपर्यंत सगळीकडे आहे, आणि तिला इतके अचूक नाव दुसरे नाही. तुळशीपत्र ठेवणाऱ्याला पुण्यही मिळते हे विसरू नका.

आता पोळ्याच्या झडत्यांविषयी, म्हणजे बैलपोळ्याला म्हणायच्या यमकी ओळींविषयी. तुमच्या वहीत त्यांतली एकही नाही. कदाचित त्या म्हणी नाहीत म्हणून तुम्ही गाळल्या असाल, पण विदर्भात पैशाविषयीचे सर्वांत तिखट आणि सर्वांत निरागस बोलणे झडतीत आहे. पिठोरी अमावास्येला आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्याखाली झुली पांघरलेल्या, शिंगांना बेगड लावलेल्या जोड्या ओळीने उभ्या राहतात, मानाची जोडी पुढे, आणि तोरण तोडून पोळा फुटेपर्यंत माणसे एकमेकांवर कडी करत झडत्या म्हणतात. विदर्भभर ठाऊक असलेली एक अशी:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशांसाठी,
पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी,
देव कवा धावला गरिबांसाठी?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शाळकरी मुलेही ही म्हणतात, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. पहिली ओळ यमकासाठी आहे, तिच्यात काही शोधू नका. दुसऱ्या ओळीत जगाचा मालक दोन पैशांसाठी रडतो. तिसरीत त्याच्या बायकोचे लुगडे जागोजागी फाटून गाठी मारलेले आहे, आणि गाठी मोजलेल्या आहेत, 'पुष्कळ' म्हणून सोडलेल्या नाहीत. ज्या बाईने स्वतःच्या लुगड्याला गाठी मारल्या तिलाच त्या मोजता येतात. चौथ्या ओळीतला प्रश्न ऐकताना नास्तिक वाटतो, पण आधीच्या दोन ओळींनी त्याचे उत्तर देऊन टाकले आहे: देव धावणार कसा, त्याच्याकडेच पैसे नाहीत. आणि पाचव्या ओळीत त्याच कफल्लक देवाला सगळे गाव एका आवाजात नमन करते. निंदा झाली, देवाला आपल्या पंगतीत बसवून झाले, आणि भक्तीही राहिली. तुमच्या मार्गदर्शकांना ही झडती त्यांच्या शीर्षकाखाली बसवून दाखवायला सांगा.

झडतीत पाटलावर, सावकारावर, पुढाऱ्यावर, कापसाच्या भावावर वाटेल ते म्हणता येते. ती ज्याच्यावर असते तो समोरच उभा असतो आणि त्याला हसावे लागते, कारण त्या दिवशी रागावणारा गावाच्या नजरेतून उतरतो. पोळा फुटल्यावर तोच सालदार त्याच मालकाच्या दारात बैल घेऊन जातो, मालकीण बैलांचे पाय धुते, पुरणपोळी चारते आणि सालदाराच्या हातावर बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या खुशालीचे, पैसे ठेवले जातात. मी एका सालदाराला विचारले होते की, तासाभरापूर्वी मालकाला झोडपून आता त्याच्याकडून पैसे घेताना काही वाटत नाही का. तो म्हणाला, "झडती आखरावरची अन् बोजारा दारातला. जागा वायल्या हायेत ना." दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि बडग्यांच्या, म्हणजे पुतळ्यांच्या, रूपाने चालू वर्षाची महागाई व भ्रष्टाचार गावाबाहेर नेऊन जाळला जातो. तिकडचे पुतळे मोठे, घोषणाही चुरचुरीत, पण ते सगळे दुसऱ्यांविषयीचे असते. आखरावर ज्याच्यावर बोलायचे तो हाताच्या अंतरावर असतो, म्हणून मला आखर जास्त आवडतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी लांबवणार नाही. जातीवरच्या म्हणी, विशेषतः बलुतेदारांना आणि गावकुसाबाहेरच्यांना हिणवणाऱ्या, तुमच्या प्रबंधात हव्यात, कारण त्या बोलल्या गेल्या आणि कोणीतरी त्या ऐकून घेतल्या. पण त्या अर्थासह छापू नका, बोलणाऱ्यासह छापा. माझ्या चार रकान्यांत ही गोष्ट लख्ख दिसते: इतर म्हणी खालून वर आणि वरून खाली अशा दोन्ही दिशांनी जातात, तर या म्हणी नेहमी एकाच दिशेने, वरून खाली, गेल्या आहेत. दिशा न दाखवता छापलेली अशी म्हण म्हणजे तीच शिवी नव्या कागदावर. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा सूत्रसंचालनात त्या 'गंमत' म्हणून वापरणाऱ्याला मी व्यासपीठावरून खाली बोलावले आहे, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. बायकांवरच्या म्हणींचा गुंता निराळा आहे. त्यांतल्या पुष्कळ मला बायकांनीच सांगितल्या, आणि त्यांत कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हा प्रश्न आत लपलेला असतो. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' हे वाक्य सून म्हणते तेव्हा धमकी असते आणि सासू म्हणते तेव्हा निरोप. तुमच्या आजींनी ते कोणत्या वयात म्हटले, एवढे त्यांना विचारा.

जाता जाता एक तक्रार करतो. पैसा, नाती आणि स्वार्थी जग यांवर मोबाइलवर रोज सकाळी जे सुविचार येतात ते या संग्रहात घेऊ नका, ते कितीही कडवट असले तरी. त्यांत वस्तू नसते. म्हणीत पोते असते, कोंबडी असते, जाते असते, मसाल्याचे बारा आणे असतात. सुविचारात 'लोक', 'वेळ' आणि 'विश्वास' असतात आणि खाली उगवत्या सूर्याचे चित्र.

चार रकाने तुम्हीही पाडा. आजींकडे परत जा, एकेक म्हण वाचून दाखवा आणि अर्थ विचारू नका, त्यांनी ती शेवटची कोणाला म्हटली तेवढे विचारा. आधी त्या हसतील, मग एखादे नाव सांगतील, मग ते नाव लिहू नको म्हणतील. ते नाव न लिहिता 'दीर', 'शेजारीण', 'सावकाराचा मुनीम' असे लिहा. साठपैकी वीस म्हणींपुढे रकाने भरले तरी प्रकरण उभे राहते, आणि शीर्षक मग आपोआप बदलावे लागेल.

बाहेरून बोलणाऱ्यांत मीही होतो, म्हणून माझीच एक नोंद देतो. एका संचालकाच्या नातेवाइकाला नियमापेक्षा जास्त कर्ज द्यायला मी अडून बसलो होतो, तेव्हा मला भर बैठकीत ऐकवले गेले: 'खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते.' मला राग आला, पण रकान्यात 'कोणाला' याच्यापुढे मी 'सचिवाला' असे लिहिले, जणू तो दुसराच कोणी होता. निवृत्तीच्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर शाल, नारळ आणि भाषणे झाली. पस्तीस वर्षांत माझ्याविषयी बरा शब्द न काढलेल्या तिघांनी माझी वारेमाप स्तुती केली. मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक जुना थकबाकीदार, ज्याच्या घरी मी नोटीस घेऊन सात वेळा गेलो असेन, कार्यक्रम संपल्यावर जवळ आला, शालीचे टोक बोटांत धरून पाहिले आणि म्हणाला, "मेल्या म्हशीले मणभर दूध, सायेब." घरी येऊन मी वही काढली. तारीख लिहिली, 'थकीत' लिहिले, कशावरून ते लिहिले, आणि 'कोणाला'च्या रकान्यात पहिल्यांदा 'मला' असे लिहिले.